भंडारदऱ्याच्या काठी बिऱ्हाड हलवताना टेम्पो कसा ठरवावा

झेडपीच्या शाळेत नोकरी म्हटली की बदली आलीच. भंडारदऱ्याच्या पाण्याभोवतीच्या गावांत मी आजवर सहा वेळा बिऱ्हाड हलवलंय, सोबतच्या गुरुजींची हलवली ती वेगळी. बांधाबांध सगळ्यांना येते, त्यावर वेळ घालवत नाही.

एका खोलीचं सामान असेल तर छोटा हत्ती पुरतो. हौदा सातेक फुटांचा, वजन पाऊण टनापर्यंत. कपाट, फ्रिज आणि दिवाण तिन्ही असतील तर मुकाट्याने पिकअप सांगा. 'दोन फेऱ्या मारू की' म्हणणारे शहरातले असतात. इथे दुसरी फेरी म्हणजे दुसरं भाडं.

गाडी मात्र ज्या गावी जायचंय तिकडचीच घ्या, निघायच्या गावची नको. राजूर-शेंडीकडच्या गाड्या भाजी घेऊन नाशिकला किंवा संगमनेरला जातात आणि बऱ्याचदा रिकाम्या परततात. त्या परतीत तुमचं सामान बसलं तर भाडं बरंच खाली येतं, कारण डिझेल तसंही जळणारच असतं. शिवाय घाटरस्ता त्यांच्या पायाखालचा. हौदा तेवढा धुऊन घ्यायला सांगा. एकदा आमच्या गादीने फुटलेल्या टोमॅटोचा रस प्यायला होता, तो वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

नंबरप्लेट पिवळी आहे ना, ते बघा. पांढऱ्या पाटीची ओळखीची गाडी स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विम्याच्या नावाने बोंब.

आता खरी गोम. तिने मला दोनदा रडवलंय.

भाडं ठरवताना सगळे किलोमीटर मोजतात, टोल मोजतात आणि 'घरापर्यंत' एवढं बोलून फोन ठेवतात. मीही तेच केलं होतं. जूनचा दुसरा आठवडा, पहिला पाऊस नुकता झालेला. गाडी डांबरी रस्त्यावरच थांबली. घर तिथून चारशे पावलांवर, मधे तांबड्या मातीची वाट. ड्रायव्हर खाली उतरला, चपलेने माती दाबली. चप्पल रुतली. म्हणाला, "गुरुजी, गाडी यात घातली तर ट्रॅक्टरनेच काढावी लागंल. तुम्ही घरापर्यंत म्हणाला होता, मला वाटलं गावापर्यंत." त्याचं चुकलं नव्हतं. लोखंडी कपाट चौघांनी खांद्यावर नेलं, त्यातले दोघे माझ्याच शाळेतल्या मुलांचे बाप.

तेव्हापासून मी गाडी सांगण्याआधी घराच्या उंबऱ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत चालत जातो आणि मोबाईलवर व्हिडिओ काढतो. मोरी, वळण, लोंबणारी तार, कुंपणाचा दगड, सगळं. जिथे वाट सगळ्यात चिंचोळी तिथे टेप लावतो. छोटा हत्ती दीड मीटर रुंद, पिकअप त्याहून जास्त, आरसे वेगळे. हा व्हिडिओ ड्रायव्हरला पाठवून एकच प्रश्न विचारायचा: "दादा, पाऊस झाला तरी गाडी इथवर येईल का? नाही आली तर काय करायचं?" उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. 'बघू तिथे गेल्यावर' म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि दुसरा शोधा. तिथे गेल्यावर बघायचं ते त्याच्या सोयीने बघितलं जातं.

दुसरी रडकथा पाण्याच्या अंगाची. धरणाला वळसा घालणारा रस्ता आहे. शेंडीहून एका अंगाने मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर. दुसऱ्या अंगाने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. समोर दिसणारं गाव पाण्यापलीकडे असतं. बाहेरचा ड्रायव्हर शेंडीत चुकीच्या हाताला वळला की रतनवाडीचं सामान घाटघर फिरून येतं, आणि मधे रेंज नसल्याने तुम्ही दारात उभे राहून वाट बघता. म्हणून फक्त गावाचं नाव सांगू नका. 'शेंडीतून मुतखेलच्या अंगाने' असं सांगा.

हमालीचं आधीच बोला. गाडीसोबत बहुतेक एकच माणूस येतो, आणि भातलावणी चालू असेल तर गावात हात रिकामा मिळत नाही. जुलैत बिऱ्हाड हलवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत शनिवार-रविवारही टाळा. काजवे बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या एवढ्या येतात की संध्याकाळी टेम्पो जागचा हलत नाही. मंगळवारी पहाटे निघा.

ताडपत्री ऊन असलं तरी हवीच. फ्रिज उभाच ठेवा. आडवा आणावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा राहू द्या, मगच चालू करा. कुणालाही हौद्यात सामानावर बसवू नका, भाच्यांनाही नाही.

इसार थोडाच द्या, बाकीचे पैसे कपाट भिंतीला लागल्यावर. आणि ते रोख ठेवा. शेवटच्या खेपेला ड्रायव्हर आणि मी मोबाईल वर धरून रेंज शोधत टेकाडावर गेलो होतो, खाली टेम्पोचं इंजिन चालूच.