आधी दाराची चौकट, मग तिकीट: नागपूरहून फेरारी वर्ल्डला सहकुटुंब जाताना

आमच्या प्रतापनगरच्या घरात बैठकीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. सगळ्यात वरच्या रेघेशी माझ्या भाच्याचं नाव आणि 138 हा आकडा. अबू धाबीच्या फेरारी वर्ल्ड या मनोरंजन पार्कमध्ये ‘फॉर्म्युला रॉसा’ या रोलर कोस्टरवर बसायला 140 सेंटिमीटर उंची लागते, हे आम्हाला तिथल्या रांगेत कळलं. पोरगं वर्षभर त्या गाडीचे व्हिडिओ बघत होतं. मोजपट्टीखाली ते चवड्यांवर उभं राहिलं, तिथल्या ताईंनी हळूच त्याचा खांदा दाबून टाचा टेकवल्या आणि मान हलवली. त्यांचं बरोबरच होतं, चूक आमची होती. दोन सेंटिमीटरसाठी तो संध्याकाळपर्यंत जेवला नाही.

म्हणून सांगते, अशा सहलीची सुरुवात घरातल्या चौकटीपासून करा. मुलाला अनवाणी उभं करा, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून खूण करा आणि टेपनं सेंटिमीटरमध्ये मोजा. शाळेच्या वहीतली गेल्या वर्षीची उंची धरू नका. मग पार्कच्या संकेतस्थळावर एकेका राइडची अट बघून कागदावर दोन रकाने करा: कोण कशावर बसू शकतं आणि कोण नाही. रॉसाला 140, बाकीच्या बऱ्याच मोठ्या राइडना 130 च्या आसपास. अटी बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा एकदा बघा. आणि जे जमणार नाही ते मुलाला घरीच सांगा. घरी दोन दिवस रुसेल, पण तिथं गेल्यावर मनापासून खेळेल.

उंचीइतकंच महत्त्व तब्येतीला. रक्तदाब, हृदयाचा त्रास, मानेचं-कंबरेचं दुखणं असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल तर वेगवान राइड नकोच. रॉसाचा वेग ताशी 240 किलोमीटर आहे आणि तो पाचएक सेकंदांत गाठला जातो. आपल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना 120 ची मर्यादा आहे, हा त्याच्या बरोबर दुप्पट. रूळ इमारतीबाहेर मोकळ्या हवेत धावतात आणि त्या वेगात वाळूचा कणसुद्धा डोळ्याला इजा करू शकतो, म्हणून बसणाऱ्याला गॉगल देतात. बाबांना “चला हो, काही होत नाही” असा आग्रह करू नका.

आता कागदपत्रं. मोठ्यांचे पासपोर्ट आपण बघतो, मुलांचे बघायचे राहतात. मोठ्यांचा पासपोर्ट 10 वर्षं चालतो, मुलांचा साधारण 5 वर्षांतच संपतो. प्रवासाच्या दिवशी प्रत्येकाच्या पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. व्हिसा बहुतेकांना निघण्याआधीच घ्यावा लागतो, त्यावरच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. मुंबईमार्गे जाणार असाल तर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सुटणारं विमान मुंबईत कोणत्या टर्मिनलला उतरतं ते विचारा. टर्मिनल वेगळं असेल तर सामान घेऊन गर्दीच्या रस्त्यानं जावं लागतं, त्यामुळे मध्ये भरपूर वेळ ठेवा.

तारीख ठरवताना आपल्याला एक सोय आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. पुण्या-मुंबईच्या मुलांची दप्तरं भरली जात असतात तेव्हा आपली मुलं मोकळी असतात. तिकडे तेव्हा कडक ऊन आणि दमट हवा असते खरी, पण पार्कचा बहुतेक भाग त्या प्रचंड लाल छपराखाली, गार हवेत आहे. दिवाळीच्या सुट्टीत हवा जास्त बरी. मात्र तिथल्या फॉर्म्युला वन शर्यतीचा आठवडा टाळा. ती बहुधा हंगामाच्या शेवटी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असते आणि तेव्हा पार्क जिथं आहे त्या यास बेटावरची हॉटेलं महागतात. रमजानमध्ये वेळा बदलतात. वार मंगळवार निवडा. 2022 पासून तिथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे, त्यामुळे ते दोन दिवस नकोत. मंगळवारच का, ते शेवटी सांगते.

बॅग भरताना आपल्याकडच्या माणसांनी दोन गोष्टींची फार काळजी घ्यावी. पहिली खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, तिथं ती अमली पदार्थांत मोडते. दिवाळीत निघालात तर आजीनं प्रेमानं बांधून दिलेले अनारसे घरीच ठेवा, त्यांना खसखस लावलेली असते. सावजी मसाल्याची पुडी, घरचा गोडा मसाला, लाडू, सगळ्यांचं साहित्य विचारून घ्या. दुसरी गोष्ट खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, आणि पान. तिकडे नेऊ नका, खिशात राहिलेली पुडीसुद्धा निघण्याआधी काढून टाका. रोजची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी असेल तर परवानगीचे नियम आधी तपासा. संत्रा बर्फी मात्र डबाभर न्या, हॉटेलच्या खोलीत मुलांना भूक लागली की तीच उपयोगी पडते.

पार्कमध्ये घालायचे कपडे साधे. ओढणी, मंगळसूत्र, सैल चपला, टोपी हे सगळं राइडच्या आधी काढून ठेवावं लागतं, म्हणून पट्ट्याचे बूट आणि ओढणीशिवायचा कुर्ता सोयीचा. चष्म्याला मागून दोरी लावा. आत वातानुकूलन चांगलंच गार असतं, आजी-आजोबांसाठी शाल किंवा स्वेटर हवाच.

दार उघडण्याच्या वेळेआधी अर्धा तास पोचा. घरचे दोन गट करा. ज्यांची उंची आणि तब्येत बसते त्यांनी आधी रॉसा गाठावी. रांग तिथं वाढत जाते आणि राइड उघड्यावर असल्यानं हवा बिघडली तर बंदही ठेवतात. पोटभर नाश्ता करून बसू नका, एखादं केळं पुरे. त्यानंतर ‘फ्लाइंग एसेस’. हाही रोलर कोस्टरच, पहिल्या महायुद्धातल्या एका वैमानिकाच्या आठवणीचा. फ्रान्सेस्को बराका नावाचा इटालियन वैमानिक होता, त्याच्या विमानावर उधळलेला घोडा रंगवलेला असे. तो 1918 मध्ये लढताना गेला. पुढे 1923 मध्ये त्याच्या आईनं एन्झो फेरारींना, म्हणजे नंतर फेरारी कंपनी काढणाऱ्यांना, सांगितलं की हा घोडा तुमच्या गाडीवर लावा, नशीब उजळेल. घोड्यामागचा पिवळा रंग एन्झोंच्या मोदेना शहराचा. ही गोष्ट विमानातच मुलांना सांगून ठेवा. मग 52 मीटर उंचीच्या त्या चक्रातून जाताना आणि नंतर प्रत्येक भिंतीवर तो घोडा दिसताना मुलं त्याला ओळखतात.

दुसऱ्या गटानं तोवर खाली बसून राहू नये. आजोबांना फेरारीच्या जुन्या गाड्यांच्या दालनात न्या. 1947 मध्ये मारानेल्लोच्या कारखान्यातून पहिली फेरारी बाहेर पडली, त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो, हे त्यांना सांगून बघा. आमचे बाबा तिथं तासभर रमले. त्यांनी आयुष्यभर स्कूटर वापरली, पण एका इंजिनासमोर हात मागे बांधून वाकून उभे होते, सिलिंडर मोजत. लहानग्यांसाठी ‘ज्युनियर जीटी’मध्ये छोट्या फेरारी चालवायला शिकवतात. कार्टिंगसारख्या काही गोष्टींना तिकिटाव्यतिरिक्त पैसे पडू शकतात, तो हिशेब आधी धरा.

दुपारी दीडच्या ठोक्याला सगळ्यांनी एका ठरलेल्या जागी भेटायचं. मोबाइलवर अवलंबून राहू नका, जागा सकाळीच दाखवून ठेवा. बाहेरचं जेवण आत नेता येत नाही, पण शाकाहारी पर्याय मिळतात. जेवणानंतर तासभर संथ गोष्टीच करा. आणि एकाच दिवशी शेजारचं वॉटर पार्कही उरकायचा मोह आवरा, मुलं दमून रडकुंडीला येतात.

आता मंगळवारचं. पार्कशेजारीच यास मरीना सर्किट आहे, 2009 पासून तिथं फॉर्म्युला वन होते. मंगळवारी संध्याकाळी ते सर्वसामान्यांना चालायला, धावायला, सायकल चालवायला खुलं करतात. आठवड्याचं वेळापत्रक बघून ऑनलाइन नोंदणी करून ठेवा. एक फेरी सव्वापाच किलोमीटरची, तेवढी चालायलाच हवी असं नाही. दिवे लागलेले असतात, डांबरावर टायरचे काळे पट्टे उमटलेले. इथं उंची कुणी मोजत नाही. भाच्यानं दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी खायला मागितलं ते इथंच, आजीचा हात धरून सुरुवातीच्या रेषेवर उभा असताना.