येळवशीची आंबिल आणि भज्जी: आदल्या दिवसापासूनची तयारी

घरात नवी सून आली की मी तिला जे सांगते, तेच इथं लिहिते. वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, मार्गशीर्षातल्या अमावस्येला येते. लातूर-धाराशिवला त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात आणि दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. रब्बीची ज्वारी कमरेला लागलेली, हरभरा घाट्यावर, त्यामुळं सगळी माणसं शेतात.

आंबिल आदल्या दिवशीच लावायची. सकाळी ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवून ठेवा. संध्याकाळी उकळत्या पाण्यात सोडून मंद आचेवर ढवळत राहा, हात थांबला की गुठळ्या झाल्याच. पूर्ण गार झाल्यावर त्यात ताक, ठेचलेला लसूण, आलं, जिरं, मीठ, कोथिंबीर घाला. मग मडक्यात ओतून तोंडाला फडकं बांधा. फ्रिजात ठेवू नका, मुरत नाही. शेतात मडकं डोक्यावरूनच न्यायचं, गाडी दारात असली तरी.

भज्जीला पहाटे उठावं लागतं. तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, सोलाणे (हरभऱ्याचे ओले दाणे), शेंगदाणे आधी शिजवून घ्या. त्यात मेथी, पालक, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला चिरून टाका. चिंचेचा कोळ घाला आणि बेसन ताकात कालवून लावा. वरून लसूण-हिरव्या मिरचीची सढळ तेलातली फोडणी. ताटात पसरली तर बेसन कमी पडलं म्हणून समजा, पळीवरून गोळ्यानं पडायला हवी. सोबत सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे, वाफवलेले उंडे, आणि गव्हाची खीर. काहीजण पनीर घालतात. घाला बापडे, पण तिला भज्जी म्हणू नका.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. पूजा झाली की पुरुषमाणूस ‘ओलगे ओलगे सालम पलगे’ म्हणत पिकात आंबिल शिंपडत फिरतो. गावागावाचा उच्चार निराळा, तुमच्या आज्जीचा धरा. कर्नाटकात बीदर-कलबुर्गीकडंही हा सण असाच चालतो. 1956 पर्यंत ते जिल्हे आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, सोयरिकी अजून आहेत.

स्वतःचं शेत नसेल तर घरी बसू नका. कुठल्याही बांधावरून गेलात तरी ‘या जेवायला’ म्हणून हाक येतेच. नाही म्हणायचं नाही, थोडं थोडं खायचं, कारण पुढच्या कोपीतही हाक येणार. भज्जी जास्तीच करा, दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर शिळी जास्त लागते.