चौघांनी गायची जाहिरात: गणपतीतल्या नाटिकेसाठी

यंदा तालमीच्या (मंडळाच्या) गणपतीत रेडिओच्या ढंगाची नाटिका बसवताय? मग मधली जाहिरात निवेदकाच्या हातात देऊ नका, चौघांना गायला लावा. युक्ती अमेरिकेतला विनोदवीर जॅक बेनी याच्या रेडिओ कार्यक्रमातली. १९४६ मध्ये तिथं ‘स्पोर्ट्समेन’ ही चौकडी आली आणि लकी स्ट्राइक सिगारेटची जाहिरात विनोदातच मुरली. जॅक काही विचारायचा, चौघं सुरात नुसते ‘हंऽऽऽ’ म्हणायचे. मग ओळखीची चाल सुरू व्हायची, शब्द हळूच सिगारेटकडं वळायचे आणि जॅक ‘थांबा, थांबा’ म्हणून ओरडत सुटायचा.

आपण सिगारेट सोडू, गूळ घेऊ.

आपल्याकडं चार गाणारे उभे केले की चौघंही एकच सूर धरतात. भजनाची सवय, दुसरं काय! पेटीवर काळी एक (पहिली काळी पट्टी) ‘सा’ म्हणून धरा. सगळ्यात जाड आवाज मधल्या ‘सा’वर, दुसरा ‘प’वर, तिसरा तार ‘सा’वर. तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या ‘ग’पर्यंत, न ताणता जाणारा गडी त्या ‘ग’वर. शब्द नकोतच. जाड आवाजापासून एकेकानं ‘हंऽऽऽ’त भर घालायची, ‘ग’ सगळ्यात शेवटी. मग पेटी थांबवा. पेटीचा गंधार किंचित चढा असतो. ती थांबली, की कानाचा पक्का गडी तो केसभर खाली आणतो आणि चौघांचा आवाज एकदम घुमायला लागतो. तो घुमला नाही, तर पुढं जाऊ नका.

गाणं मात्र एकाच सुरात म्हणा, फक्त ओळीचा शेवट चौघांत फोडा. चाल हादग्याच्या गाण्याची घ्या, सगळ्यांच्या तोंडात असते. शब्द असे:

रंकाळ्यावर बसून तुझी वाट पाहिली,
गार वाऱ्यात चहाची आठवण राहिली,
साखरेचा सोड लळा,
ढेपेचा नाद खुळा!

तिसऱ्या ओळीआधी गुळाचा वाससुद्धा येता कामा नये. जॅकच्या जागी मालकाचं काम करणाऱ्यानं पहिलं ‘बास’ हळू म्हणायचं, दुसरं जरा चिडून. दर वेळी चौकडी अजून जोरात आणि अजून मनापासून गाणार. तिसऱ्या आरोळीला शब्द अर्ध्यात तोडायचा. ‘ढेपेचा ना–’ आणि गप्प. चौघांपैकी एकजण जरी हसला, तरी सगळं पाण्यात.

पट्टी आधीच ठरवा. मार्च १९४७ मध्ये चौकडी नसताना जॅकनं बिंग क्रॉस्बीसह चार नामवंत गायक उभे केले. क्रॉस्बीचा सूर अडला आणि तो भर कार्यक्रमात ‘ही पट्टी निवडली कुणी’ म्हणून वैतागला. लोक खदखदून हसले. पण तो क्रॉस्बी होता भावा, आपल्याला लोक खाली बसवतील.

माइक एकच ठेवा. जाड आवाज जवळ, ‘ग’वाला हातभर मागं. साउंडवाल्याला इको बंद करायला सांगा, नाहीतर गुळाचं नावच ऐकू येणार नाही. आणि ज्या व्यापाऱ्याच्या गुळाची जाहिरात करताय, त्याची वर्गणी सरावाच्या आधी घ्या.