हाताने बनवलेल्या वस्तूचं ऑनलाइन वर्णन कसं लिहायचं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक मडकं उचलतं, टकटक वाजवतं, उलटं करून बूड बघतं, मग भाव करतं. ऑनलाइन यातलं काहीच होत नाही. फोटो आणि चार ओळी एवढंच त्याच्यासमोर असतं, आणि आपल्याकडचे बरेच जण त्या चार ओळींत 'सुंदर, युनिक, प्रेमाने बनवलेलं, खास गोव्याहून' असं लिहून मोकळे होतात. त्यातून वस्तू कळतच नाही हो.

लिहायला बसायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपचे जुने चॅट उघडा. केवढं आहे, धुतलं तर चालेल का, रंग जाणार नाही ना, फोटोतलंच मिळणार का, पोचेपर्यंत फुटलं तर? लोक परत परत हेच विचारतात, आणि याची उत्तरं म्हणजेच तुमचं वर्णन. कितीतरी लोक विचारतही नाहीत, सरळ पुढच्या दुकानात जातात.

आता समजा करवंटीचा बाउल आहे. 'इको फ्रेंडली हॅन्डमेड बाउल, घराची शोभा वाढवा' याच्याऐवजी असं लिहून बघा:

'नारळाच्या करवंटीचा बाउल. वरून रुंदी साधारण १२ सेमी, उंची ६ सेमी, काठोकाठ ३५० मिली पाणी मावतं. पॉलिश पेपरने घासून खोबरेल तेल लावलंय, वार्निश नाही. चिवडा, सॅलड, थंड स्मूदीसाठी. मायक्रोवेव्ह, डिशवॉशर नको आणि पाण्यात भिजत ठेवू नका, तडा जातो. कोरडा दिसायला लागला की परत थोडं तेल चोळा. प्रत्येक करवंटी वेगळी, त्यामुळे मापात १ सेमीपर्यंत फरक येईल.'

यात एकही मोठा शब्द नाही पण वाचणाऱ्याला बाउल हातात घेतल्यासारखा वाटतो. मापं अंदाजाने टाकू नका, टेप लावा, मापाच्या कपाने पाणी ओतून बघा.

'हॅन्डमेड' शब्द मात्र जपून वापरा, मला हे खरंच महत्त्वाचं वाटतं. अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या चित्रांच्या टाइलवर तुम्ही चित्र काढता पण टाइल फॅक्टरीतून येते, मग ती 'हाताने रंगवलेली', आणि रंग भट्टीत भाजलाय की नुसता वरून दिलाय तेही सांगा, कारण न भाजलेली टाइल कोणी बेसिनमागे लावली तर रंग निघणार. कुणबी साडीचं तसंच. हातमागावर विणलेली आणि पॉवरलूमची यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नुसते लाल-पांढरे चौकडे छापलेलं कापड असेल तर 'प्रिंट' असंच लिहा, नाहीतर जो खरोखर मागावर बसतो त्याच्या पोटावर पाय येतो.

साबण, तेल विकणाऱ्यांनी 'एक्झिमा बरा होतो' वगैरे अजिबात लिहू नये. आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे. साबणात, तेलात काय काय घातलंय ते लिहा, तेवढं पुरतं. पॅकबंद माल ऑनलाइन विकताना बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन किंवा नग, एमआरपी आणि कुठल्या देशात बनलं हे दाखवावंच लागतं.

टायटलमध्ये लोक जे टाइप करतात तेच शब्द हवेत. एट्सी या हस्तकलेच्या वस्तू विकायच्या वेबसाइटवर टायटलला १४० अक्षरं आणि १३ टॅग (शोधात वस्तू सापडावी म्हणून लावायचे शब्द) मिळतात, त्यात 'सागराची गाज' असलं काव्यमय नाव टाकून जागा घालवू नका, 'मातीची पणती, टेराकोटा दिया, ६ नग' असं सरळ लिहा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये २,२०० अक्षरं बसतात पण 'मोअर' दाबायच्या आधी एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून वस्तू काय, केवढी, कितीला हे आधी, गोष्ट नंतर.

गोष्ट हवीच, पण खरी आणि छोटी. माती डिचोलीची असेल तरच डिचोलीचं नाव घ्या. आणि किती दिवसांत पाठवणार ते सीझनप्रमाणे बदलत राहा, पावसात माती लवकर वाळत नाही आणि चतुर्थीची ऑर्डर नेमकी तेव्हाच येते, तर 'ऑर्डरनंतर बनवतो, पावसाळ्यात जास्त दिवस लागतात' असं दिवसांच्या आकड्यासकट आधीच सांगितलं की नंतरची कटकट वाचते.

शेवटी ज्याने ती वस्तू बघितलेली नाही अशा कोणाला तरी फोटो न दाखवता नुसतं वर्णन वाचायला द्या, आणि ती केवढी आहे ते हाताने दाखवायला सांगा. जिथे तो अडखळेल तिथे अजून एक वाक्य टाका आणि मगच लिस्टिंग लाइव्ह करा.