यूएसबी दिवा टर्मिनलवरून चालू-बंद

साध्या यूएसबी दिव्याला आज्ञा कळत नाही. त्याला फक्त पोर्टातून येणारे ५ व्होल्ट कळतात, म्हणून बंद करायचा तो पोर्टचा वीजपुरवठा. लिनक्सवर यासाठी 'यूहबसीटीएल' (uhubctl) नावाचं छोटं मोफत साधन आहे, ते टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालतं.

खरी अडचण हबची, म्हणजे एका यूएसबी पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीची. प्रत्येक पोर्टची वीज वेगळी तोडता येणारे हब कमीच, आणि काही हब 'पोर्ट बंद' असं सांगतात पण वीज सोडतच राहतात! त्यामुळे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात हब घ्यायला जाल तेव्हा लॅपटॉप आणि दिवा दोन्ही सोबत न्या, दुकानातच तपासा. पाकिटावरच्या मजकुरावर जाऊ नका.

uhubctl ही आज्ञा नुसती चालवली की या साधनाला चालणाऱ्या हबची यादी येते. यादी रिकामी आली तर आधी सुडो (sudo) लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, पुन्हा चालवा. मग 'एल' (-l) पर्यायापुढे यादीतला हबचा पत्ता, 'पी'पुढे (-p) पोर्टचा क्रमांक, 'ए'पुढे (-a) ऑन (on) किंवा ऑफ (off). पोर्टचा क्रमांक मात्र नक्की बघा, नाहीतर शेजारची हार्डडिस्क लिहिता लिहिता बंद पडेल. दिवा रोज ठरल्या वेळी विझवायचा असेल तर हीच आज्ञा रूटच्या (प्रशासक खात्याच्या) क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या वेळापत्रकात, टाका.