रुळांत खडी भरण्याआधी

घरच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटची (टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेची) तयारी शेवटाकडून मोजत यावी, म्हणजे काही राहून जात नाही. शेवट म्हणजे खडी. पातळ केलेला फेविकॉल एकदा खडीत मुरला की रूळ जागचा हलत नाही, खालची तार दिसत नाही आणि दोन रूळ जोडणारा जॉइनर तिरका बसला असेल तर तिरकाच राहतो. म्हणून पुढचं प्रत्येक काम खडीची बरणी उघडण्याआधी झालेलं हवं. नुसतं झालेलं नको, गाडी चालवून पाहिलेलं हवं.

आधी हंगाम. बेळगाव, खानापूर भागात लाकडाचं काम दिवाळीनंतर काढावं आणि रूळ उन्हाळ्याच्या तोंडाशी टाकावेत. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली असते की प्लाय आणि रिपा फुगतात, फेविकॉल दोन-दोन दिवस पांढराच राहतो. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर रूळ टोकाला टोक भिडवून ठोकले, तर मार्च-एप्रिलात लाकूड आकसतं, रुळांना जागा उरत नाही आणि ते बाजूला फुगतात. कोरड्या दिवसांतही प्रत्येक जोडावर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवाच. खोली माडीवरची असेल तर कौलं आधी शाकारून घ्या. भिंतीला ओल येत असेल तर टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि पायांना वाळवीचं औषध लावायला विसरू नका.

मग काय उभारायचं ते ठरवा, कारण खडीचा रंग आणि दाणा त्यावरच ठरतो. मिरज–लोंढा मार्ग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला, त्याआधी तो मीटरगेज होता. मीटरगेजचं बेळगाव स्टेशन करायचं असेल तर १:८७ प्रमाणात १२ मिमीचा रूळ लागतो आणि तो आपल्याकडे सहज मिळत नाही. आजचं करायचं तर एचओचा (१:८७ प्रमाणाच्या मॉडेलचा) १६.५ मिमीचा रूळ घ्यावा लागतो. हिशेबाने आपलं १६७६ मिमीचं ब्रॉडगेज ८७ने भागल्यावर सव्वाएकोणीस मिमी येतं, म्हणजे बाजारातला रूळ अरुंदच. माझ्या मते ही तडजोड बिनदिक्कत करावी. नजर दोन रुळांमधलं अंतर मोजत बसत नाही, ती खडीचा उतार आणि गाडीची उंची पाहते.

प्लाय आठ बाय चारचा, १२ मिमी जाड, पाणी सोसणारा. खाली दर दीड फुटावर आडवी रीप. वरून, खालून आणि विशेषतः चारही कडांना प्रायमर मारा, कारण ओल कडेतूनच शिरते. चार फुटी रुंदीत कडा सोडून साधारण ५५ सेंमी त्रिज्येचं वळण बसतं. आयसीएफचा, म्हणजे रेल्वेचा जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा १:८७ मध्ये साडेचोवीस सेंमी लांब होतो आणि या वळणावर तो मध्ये आत व टोकाला बाहेर बराच झुकतो. सर्वांत लांब डब्याच्या कोपऱ्याला पेन्सिल चिकटवा आणि डबा हाताने वळणावरून फिरवा. मग तीच पेन्सिल डब्याच्या मध्यावर, आतल्या बाजूला लावून पुन्हा फिरवा. या दोन रेघांच्या मध्ये फलाट, खांब, सिग्नल काहीही येता कामा नये. टेबल भिंतीला लागून असेल तर पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचत नाही, म्हणून त्याला चाकं लावून घ्या. घसरलेला डबा उचलताना पुढचं अर्धं गाव आडवं करायची वेळ यायला नको.

कॅसलरॉक ते कुळें हा गोव्याकडे उतरणारा घाट बहुतेकांना करायचा असतो. खऱ्या घाटात चढ ३७ला १ आहे आणि मालगाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. घरात याच चढाने ८ सेंमी उंची गाठायला जवळजवळ तीन मीटर रूळ लागतो. मॉडेलचं इंजिन हलकं असतं, तेव्हा ५०ला १ वरच थांबा. घाट उंचीने दाखवता येत नसला तरी कातळ, बोगदे आणि झाडीने दाखवता येतो. डोंगरासाठी टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल चालतं, मात्र त्यावर थिनरचा रंग मारू नका. थर्माकोल विरघळून खड्डे पडतात.

रुळाखाली ३ ते ५ मिमी कॉर्क घाला, त्याने आवाज मरतो आणि खडीला उतार मिळतो. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांना गॅस्केटचा माल देणाऱ्या दुकानांत कॉर्कच्या शीटची चौकशी करा. मध्यरेघ आखा, पट्टी मधोमध चिरा आणि दोन्ही भाग रेघेच्या दोन बाजूंनी वळवत चिकटवा.

तारांच्या कामात घाई नको. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, दोन्ही बाजूंना, स्वतःची तार हवी. जॉइनरवर भरवसा ठेवणारे पुष्कळ आहेत आणि खडी भरेपर्यंत त्यांचं चालूनही जातं. नंतर रंग आणि फेविकॉलचं पाणी जॉइनरच्या फटीत शिरतं, वीज अडते आणि इंजिन त्याच जागी मान टाकतं. टेबलाखालून दीड चौरस मिमीच्या दोन मुख्य तारा, एक लाल एक काळी, आणि त्यांना वरून उतरलेल्या बारीक तारा. तारेचा डाग (सोल्डर) रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्या, म्हणजे चाकाची कड अडकत नाही आणि खडीने तो झाकला जातो. फ्लक्स रोझिनचाच घ्या, ॲसिडचा रूळ आणि तार दोन्ही खातो. गाडी फिरून त्याच रुळावर उलटी येत असेल, तर तो फेर दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या जॉइनरने तोडा. नाहीतर डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्ट होतो. डीसीसी (गाड्या चालवायची डिजिटल पद्धत) असेल तर दर दोन फुटांवर दोन्ही रुळांवर नाणं ठेवून पाहा. प्रत्येक ठिकाणी पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. जिथे तुटत नाही तिथली तार बारीक किंवा डाग कच्चा.

आता खडी. रेल्वेची मोठ्यात मोठी खडी साधारण ६५ मिमीची, ८७ने भागली की पाऊण मिमी. रव्याच्या चाळणीतून पडेल आणि मैद्याच्या चाळणीत अडकेल तो दाणा आपला. क्रशरवरची कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, त्यासाठी उत्तम, कारण ती फुटलेली, कोनदार असते. फौंड्रीची वाळू घरात फुकट येत असली तरी नको. तिचा दाणा गोल असतो, शिवाय वापरलेल्या वाळूत लोखंडाचे कण असतात. चाळल्यावर कच बादलीत धुवा, गढूळ पाणी ओतून द्या आणि नितळ पाणी येईपर्यंत हे करत राहा. भुकटी राहिली तर ती फेविकॉलमध्ये कालवून सिमेंटसारखा राखी थर बसतो. मग गच्चीवर वाळवा.

यानंतरची पायरी आपल्या भागात टाळून चालणारच नाही. इथला काळा दगड बेसाल्ट आहे आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. इंजिनाच्या मोटरीत कायमचा चुंबक असतो. सैल राहिलेला असा कण तो रुळावरून उचलतो, कण गिअरमध्ये जातो आणि मोटर घासू लागते. म्हणून तरुण भारतचा जुना अंक पसरा, त्यावर कोरडी कच पातळ पसरा आणि स्पीकरमधून काढलेला चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवा. पिशवीला काळी लव चिकटते. पिशवी उलटी करून ती झटका, कच हलवा, पुन्हा फिरवा. पिशवी कोरी राहीपर्यंत थांबायचं नाही. निम्मी कच चिकटत असेल तर तो लॉट सोडा आणि दुसऱ्या खाणीचा माल आणा.

रंगासाठी बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर गाडी जायची वाट पाहत असाल तेव्हा खाली बघा. रुळालगतची खडी गंज आणि ब्रेकच्या धुळीने तपकिरी, बाहेरची राखी. खानापूरच्या पुढे तिच्यावर तांबड्या मातीची छटा चढते. म्हणून दोन-तीन बरण्या वेगवेगळ्या छटांच्या करून ठेवा. रुळांच्या बाजू खडीआधीच गंजरंगी रंगवा आणि रंग सुकण्याआधी रुळाचा माथा पुसून घ्या.

खडी चमच्याने रुळांच्या मध्ये थोडी थोडी सोडा आणि मऊ ब्रशने स्लीपरच्या माथ्याच्या किंचित खाली बसवा. रुळाच्या आतल्या अंगाला एकही दाणा चिकटलेला नको. ब्रशची दांडी रुळावर टिचकीसारखी वाजवत गेलात की दाणे आपोआप खाली बसतात. सांध्यांजवळ (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे) हात आखडता घ्या. हलणाऱ्या पात्यांखाली आणि त्यांना जोडणाऱ्या पट्टीच्या खाचेत खडी नकोच, तिथे प्लाय आधीच काळसर रंगवून ठेवा. एक डबा हाताने ढकलत सगळीकडून फिरवा आणि मगच ओलं करा.

स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. फवारा वरच्या हवेत मारा, नेम खडीवर धरलात तर दाणे उडतात. खडी तळापर्यंत ओली झाली की एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी, औषधाच्या ड्रॉपरने, थेंब रुळांच्या मध्ये आणि उतारावर. खडी कोरडी राहिली तर थेंब वरच गोळा होऊन खड्डा पाडतो, म्हणून ओलं करण्यात कंजुषी नको. साधाच फेविकॉल घ्या, मरीन नको. साधा कोमट पाण्याने पुन्हा सुटतो आणि सांधा बदलायची वेळ आली तर रूळ वाचतो. हे चालू असताना सांध्यांची पाती अधूनमधून हलवत राहा.

दोन दिवस हात लावू नका. मग व्हॅक्यूमच्या तोंडावर पातळ मोजा बांधून सैल दाणे ओढून घ्या, रुळाचा माथा अल्कोहोलने पुसा, चुंबक पुन्हा एकदा फिरवा आणि त्यानंतरच इंजिन ठेवा. उरलेली खडी टाकू नका. बरणीवर खाणीचं नाव, चाळण आणि रंगाची छटा लिहून ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर डागडुजीला तीच लागते आणि दुसऱ्या लॉटचा रंग कधी जुळत नाही.