थवा फिरताना नव्हे, सुटताना मोजा

शरद ऋतूत स्थलांतराला निघालेले गरुड, घारी, मधुबाज तापलेल्या हवेच्या झोतात गोल गोल फिरत वर चढतात. तेव्हा त्यांना मोजायला जाऊ नका. कोण मोजून झाला आणि कोण राहिला, काही पत्ता लागत नाही. थोडा दम धरा. पुरेशी उंची मिळाली की वरचा पक्षी पंख किंचित मागे ओढून सरळ घसरत निघतो आणि बाकीचे त्याच्यामागे रांग धरतात. मोजायची वेळ ती. दुर्बीण डोंगराच्या टोकाजवळ स्थिर धरा, एक रेघ मनाशी ठरवा आणि ती ओलांडेल तोच पक्षी मोजा. दुर्बीण पक्ष्यांबरोबर फिरवलीत की घोटाळा झालाच म्हणून समजा.

हातात बोटाने दाबायचा काउंटर असू द्या, म्हणजे वहीकडे बघावं लागत नाही. जॉर्जिया देशातल्या बातुमी शहराजवळून एका शरदात १० लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. असा लोंढा आला तर आधी १० पक्षी नीट मोजून तेवढा तुकडा नजरेत बसवायचा आणि पुढे दहा-दहाने जायचं.

निरभ्र निळं आभाळ फसवं असतं, उंचावरचा पक्षी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. अधूनमधून दुर्बिणीने डोक्यावरचं आभाळही विंचरून काढा. जात ओळखता आली नाही तर ‘अनोळखी शिकारी पक्षी’ एवढंच लिहा. दर तासाला वारा, ढग आणि आकडा नोंदवा. एकही पक्षी न दिसलेल्या तासाचं शून्यसुद्धा.